दोघंही मायनर निघालो

शाळेत असल्यापासून माझं रक्त कमी. आरोग्य तपासणीला आलेल्या ताईंनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, लोहाच्या गोळ्यांचं पाकीट हातात दिलं, आणि तेव्हापासून लग्न होईपर्यंत त्या गोळ्या कधी चालू, कधी बंद अशा होत राहिल्या. आईने बीट, खजूर, अळिवाचे लाडू, नाचणीची आंबील असं सगळं करून घातलं. हिमोग्लोबिन साडेदहाच्या आसपास यायचं आणि तिथेच थांबायचं. मला मात्र त्याचा कसलाच त्रास नव्हता. गुहागर तालुक्यात जयगडच्या खाडीच्या पलीकडे माझं माहेर, घर डोंगरावर आणि शाळा खाली बंदराजवळ. रोजची चढण चढून कधी दम लागला नाही. त्यामुळे 'हिचं जरा कमीच असतं' हे घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. ज्यांनी ज्यांनी मला तपासलं त्यांनीही तेच केलं. इतकी वर्षं गोळ्या घेऊन आकडा हलत का नाही, असं कुणी विचारलं नाही.

ते विचारलं रत्नागिरीतल्या डॉक्टरबाईंनी. लग्न करून मी खाडीच्या अलीकडे आले होते. घरची हापूसची बाग, मी एका पतसंस्थेत कामाला. गणपतीच्या आधी दिवस गेल्याचं कळलं आणि विसर्जन झाल्यावर त्यांच्याकडे नाव घातलं. पहिल्या तपासण्यांचा कागद आला तेव्हा त्या हिमोग्लोबिनच्या ओळीवर थांबल्याच नाहीत, खालच्या ओळी वाचत गेल्या. हिमोग्लोबिन १०.५. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, ६४. ते ८० च्या वर असायला हवं. आणि तांबड्या पेशींची संख्या ५३ लाख.

त्यांनी मला तिथेच समजावून सांगितलं. शरीरात लोह कमी असलं की पेशी लहान होतात, पण त्याबरोबर त्यांची संख्याही सहसा घटते. माझ्या पेशी लहान होत्या आणि संख्येने भरपूर होत्या. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने, दशलक्षांत धरून, भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिन बनवण्यातला आनुवंशिक दोष सौम्य रूपात असल्याची शंका घ्यायची, वर आलं तर लोहाच्या कमतरतेची. ६४ भागिले ५.३, बाराच्या थोडं वर. हा केवळ अंदाज आहे, त्यावर निदान करत नाहीत, असं बजावून त्यांनी फेरिटिन आणि एचपीएलसी अशा दोन तपासण्या लिहून दिल्या. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. तो व्यवस्थित निघाला. एचपीएलसीत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून मोजतात. त्यातला एचबीए-२ हा प्रकार माणसात साधारण साडेतीन टक्क्यांच्या खाली असतो. माझा ५.४ आला.

'मिस्टरांना बोलवा, त्यांचं रक्त आजच घेऊ,' एवढंच त्या म्हणाल्या. हे बागेत गवत काढून घेत होते, तसेच आले. ह्यांना आयुष्यात ताप सोडून काही झालेलं नाही. बागेतून आंब्याची पेटी खांद्यावर टाकून चढण चढणारा माणूस. ह्यांचा एचबीए-२ आला ५.१.

तो कागद हातात घेऊन आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो. दोघांनाही काही होत नव्हतं आणि तरीही दोघांच्या बाळाला होऊ शकत होतं. हे समजायलाच मला बराच वेळ लागला. इथे ते नीट मांडते, कारण माझ्यासारख्या किती जणी रक्त कमी आहे म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या घेत असतील याचा विचार सारखा मनात येतो.

हिमोग्लोबिनचा रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची हे अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेलं असतं. प्रत्येकाकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माझी एक प्रत सदोष आहे, दुसरी चांगली. चांगल्या प्रतीवर माझं काम भागतं, फक्त पेशी लहान राहतात. याला मायनर म्हणतात आणि हा आजार नाही. ह्यांचंही तसंच. बाळाला आम्ही दोघं आपापल्या दोन प्रतींपैकी एकेक देणार, कुठली ते आमच्या हातात नाही. चारातली एक शक्यता दोन्ही चांगल्या येण्याची, दोन शक्यता आमच्यासारखं मायनर होण्याच्या, आणि एक शक्यता दोन्ही सदोष येण्याची. ती मेजर, म्हणजे खरा आजार.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, 'म्हणजे गो, पहिलं तसं झालं तर पुढची तीन बरी होतील ना?' हा प्रश्न पुढे मला इतक्यांनी विचारला की उत्तर पाठ झालंय. प्रत्येक वेळी दिवस गेले की हिशोब नव्याने सुरू होतो. आधीच्या मुलाला काय आलं याच्याशी पुढच्याचा काही संबंध नसतो.

मामंजींना मात्र ते लगेच उमगलं, आणि त्यांनी ज्या रीतीने ते सासूबाईंना सांगितलं तसं मला आजही सांगता येत नाही. आमच्या बागेत हापूसबरोबर रत्नाची चार झाडं आहेत. रत्ना ही वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली जात. मामंजी म्हणाले, 'हापूसचं कलम बांधलं की येतं ते हापूसच, तेच झाड पुन्हा. पण कोय रुजवली तर तीत दोन झाडांचं उतरतं, आणि काय उतरलं ते फळ धरेपर्यंत समजत नाही. माणसाला कलम नाही, सगळी कोयीचीच.' सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर 'कुणाच्या बाजूने आलं' हा विषय आमच्या घरात बंद झाला. दोन्ही बाजूंनी आलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला मुंबईला जायला सांगितलं. मेजर आहे की नाही ते गर्भातच कळू शकतं, पण त्यासाठी आधी आमच्या दोघांच्या डीएनएत नेमका कुठे बदल आहे ते शोधावं लागतं. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात करायची, म्हणजे हाताशी वेळ थोडा. गणपतीहून परतणाऱ्या चाकरमान्यांची गर्दी अजून ओसरली नव्हती, आरक्षण कुठल्याच गाडीला नाही. शेवटी तुतारी एक्स्प्रेसला कसंबसं मिळालं आणि रात्रीची गाडी धरून सकाळी दादरला उतरलो.

रुग्णालयात समुपदेशनाच्या खोलीबाहेर बसायला जागा होती तिथून समोर रक्त चढवायचा कक्ष दिसायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा थॅलेसेमिया मेजर म्हणजे काय ते पाहिलं. लहान लहान पलंगांवर मुलं बसलेली, एका हाताला रक्ताची पिशवी लावलेली, दुसऱ्या हाताने कुणी चित्र रंगवतंय, कुणी गृहपाठ करतंय. महाडकडची एक बाई मुलाला घेऊन आली होती. ती सांगत होती की जन्मला तेव्हा तो छान गुटगुटीत होता, सहाव्या महिन्यानंतर पांढरा पडायला लागला, दूध ओढेना. असं का होतं ते मला नंतर कळलं. गर्भात असताना आणि जन्मानंतरचे काही महिने बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात. ते हळूहळू मागे पडतं आणि बीटाची वेळ येते. बीटा बनवताच येत नसेल तर तिथून आजार दिसू लागतो. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, जन्मभर. त्या रक्तातून येणारं लोह हृदयात आणि यकृतात साठतं, ते बाहेर काढायला रोज औषध. कायमचं बरं व्हायचं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि ती जुळणारी सख्ख्या भावंडाचीच मिळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. त्या बाईने हे सगळं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. 'आमचं कुणी तपासलंच नाही हो आधी,' एवढंच ती म्हणाली. पुढच्या सगळ्या दिवसांत मला तिचीच आठवण येत होती.

आमचं दोघांचं रक्त जांभळ्या बुचाच्या नळ्यांत घेतलं. डीएनए काढतात तो पांढऱ्या पेशींमधून, कारण परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं. मग त्यातला बीटा जनुकाचा तेवढा भाग पीसीआर या तंत्राने लाखो पटींनी वाढवायचा आणि भारतात वारंवार आढळणारे बदल त्यात आहेत का ते एकेक करून बघायचं. आमच्या दोघांत सापडला तो बदल एकच होता. त्याला आयव्हीएस १-५ म्हणतात, आणि आपल्या देशात तोच सर्वांत जास्त आढळतो.

समुपदेशक मॅडमनी कागदावर लिहून दाखवलं. जनुकात कामाचा मजकूर सलग नसतो, मध्ये मध्ये असे तुकडे असतात की जे प्रथिन बनवण्याआधी कापून टाकावे लागतात. कुठून कापायचं याच्या खुणा डीएनएतच असतात. बीटा जनुकातल्या असल्या पहिल्या तुकड्याचं पाचवं अक्षर 'जी' (G) असायला हवं, ते आमच्यात 'सी' (C) झालं आहे. खूण बिघडली की कापणी भलतीकडे होते आणि बीटा साखळी फारच थोडी तयार होते. माणसाच्या डीएनएत तीन अब्जांच्या घरात अक्षरं असतात. त्यातल्या एकामुळे आम्ही रत्नागिरीहून रात्रभर प्रवास करून तिथे बसलो होतो.

माझ्या मनात वेगळीच शंका आली, ती मी विचारली. माझं माहेर खाडीच्या त्या तीराला, सासर या तीराला, जयगड-तवसाळची खाडी ओलांडून जाऊन-येऊन सोयरिकी पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. दोघांत एकच बदल म्हणजे आम्ही कुठेतरी मागे नात्यातले आहोत का? मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही, कारण हा बदल देशभर सापडतो. पण त्याच त्या गावांत, त्याच समाजात लग्नं होत राहिली की दोन मायनर एकत्र येण्याची शक्यता वाढते हे खरं. त्यांनी हिशोबही करून दाखवला. आपल्या देशात शंभरातले तीन-चार जण मायनर असावेत असा अंदाज आहे. चार धरले, म्हणजे पंचविसात एक, तर सहाशे पंचवीस जोडप्यांत एका ठिकाणी दोघं मायनर असणार. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण बरंच जास्त आहे. पण आपल्यात हे नसतं असं म्हणण्यासारखा कुठलाच समाज नाही.

एवढा घातक बदल इतक्या लोकांत टिकला कसा, हा प्रश्न मला परतीच्या गाडीत पडला आणि घरी आल्यावर मी त्याच्या मागेच लागले. त्याचं उत्तर सापडलं तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं. १९४९ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी एक तर्क मांडला. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि भारताचे नागरिक झाले. त्यांचं म्हणणं असं की भूमध्य समुद्राभोवतीच्या लोकांत थॅलेसेमिया एवढा टिकून आहे त्याअर्थी मायनर माणसांना कशाचा तरी फायदा मिळत असणार, आणि तो मलेरियापासून मिळणारा बचाव असावा. पाच वर्षांनी अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत तसंच असल्याचं दाखवून दिलं. तिथेही हिमोग्लोबिनच्याच जनुकातला एका अक्षराचा फरक आहे. थॅलेसेमियाचा पट्टा नकाशावर बघितला तर भूमध्य समुद्रापासून अरबस्तान, भारत, आग्नेय आशिया असा जुन्या मलेरियाच्या पट्ट्यावरून जातो.

म्हणजे ज्याच्याकडे एक सदोष प्रत होती तो हिवतापातून वाचण्याची शक्यता थोडी जास्त होती. तो वाचला, त्याला मुलं झाली, बदल पुढे गेला. ज्याच्याकडे दोन आल्या तो बालपणीच गेला. या दोन्हींचा तोल सांभाळत ते एक अक्षर शेकडो पिढ्या चालत राहिलं. निसर्गाची निवड म्हणतात ती ही, आणि ती खाडीकाठच्या आमच्यासारख्या गावांतही झालेली आहे.

आमच्या आजेसासूबाईंना मी विचारलं. त्यांना हिवताप चांगला आठवतो. त्या म्हणाल्या, भाताच्या लावणीनंतर घरोघर एक तरी माणूस गोधडीखाली कुडकुडत असायचं. त्यांचे दोन भाऊ तापाने लहानपणीच गेले. मग फवारणीची माणसं यायला लागली, भिंती पांढऱ्या करून जायची. १९५३ मध्ये देशभर मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, ती ही डीडीटीची फवारणी. आज आमच्या गावात हिवतापाने कुणी जात नाही, आणि त्याच्याशी झुंजायला उपयोगी पडलेलं अक्षर मात्र आमच्या रक्तात तसंच आहे. हे समजल्यावर मला तो कुळाला लागलेला डाग वाटेनासा झाला. आमच्यातलं कुणीतरी त्याच्यामुळे जगलं असेल, आणि म्हणून आम्ही आहोत.

पण बाळाचा प्रश्न राहिलाच होता. गर्भाच्या तपासणीची सुई घालण्याआधी समुपदेशक मॅडमनी आम्हाला विचारलं होतं की निकाल मेजर आला तर काय करायचं याचा तुम्ही विचार केलाय का. काय करावं हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की मेजर असेल तर गर्भ पुढे न्यायचा नाही. घरात हे सांगणं फार जड गेलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्या देवळात गेल्या, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, आणि परत येऊन माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'तुमी जा. मी हाय.' या सगळ्यात मला सर्वांत जास्त बळ त्या दोन वाक्यांनी दिलं.

तपासणीआधी संमतीचा फॉर्म भरून घेतात. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यात थॅलेसेमियासारख्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी आहे, पण तिची नोंद ठेवावी लागते आणि मुलगा की मुलगी हे कुणालाही सांगितलं जात नाही. तसं लिहून घेतलं, मराठीत वाचून दाखवलं. गर्भपात होण्याचा धोका शंभरात एखाद्या वेळी असतो, हेही स्पष्ट सांगितलं.

प्रत्यक्ष काम थोड्या वेळाचं. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत पोटातून सुई घालतात, तिथली जागा आधी बधिर केलेली असते. सुई बाळापर्यंत नेतच नाहीत. वार जिथे तयार होत असते तिथल्या बारीक तंतूंचा अंश घेतात, कारण वार आणि बाळ एकाच पेशीपासून झालेली असतात आणि दोघांचा डीएनए सारखाच असतो. दुखलं असं म्हणणार नाही, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. घेतलेला नमुना लगेच ताटलीत घालून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढरे, फांद्याफांद्यांचे धागे. प्रयोगशाळेतली एक तरुण मुलगी चिमट्याने त्यातलं माझं ऊतक वेगळं करत होती. आईचा अंश मिसळला तर निकाल चुकू शकतो, म्हणून पुढे डीएनएच्या खुणा जुळवूनही तो नाही ना याची खात्री करतात. त्या मुलीचं काम मी उठता उठता पाहिलं. इतकं मन लावून कुणी आपल्या बाळासाठी काही करतंय हे बघून रडू आलं.

मग वाट बघणं. त्या दिवसांविषयी फारसं लिहिण्यासारखं नाही. पतसंस्थेत जाऊन मी खतावण्या तपासल्या, हे बागेत गेले.

फोन आला तो ह्यांना. बाळात बदल एकाच प्रतीत होता. मायनर.

त्यानंतर डॉक्टरबाईंनी आमच्याकडून एक काम करून घेतलं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन्ही घरांतल्या माणसांना तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या. माझ्याकडे ते आईकडून आलेलं निघालं. भाऊ मोकळा, धाकटी बहीण मायनर. ह्यांच्याकडे मामंजींकडून आलेलं, दीरही मायनर. दिराचं लग्न ठरायचं होतं, बहिणीचंही. माझ्या आईने पहिलं वाक्य काढलं ते, 'हे कुणाला सांगू नका, मुलीचं लग्न व्हायचंय.' तिची भीती मला कळते. मुलीच्या बाबतीत असली गोष्ट बाहेर पडली की स्थळं फिरतात, हे आपल्याकडे खोटं नाही. पण मायनर मुलगी आणि मोकळा मुलगा यांच्या मुलाला मेजर होऊच शकत नाही, फार तर निम्मी शक्यता मायनर होण्याची. अडचण फक्त दोन मायनर एकत्र आले तरच, आणि ते एका रक्ततपासणीत आधीच कळतं. तसं कळलं तरी लग्न मोडायला हवं असं नाही, आम्ही गेलो तो रस्ता मोकळा असतो. फक्त तो माहीत असावा लागतो, आणि वेळेवर. सायप्रससारख्या छोट्या देशाने लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह धरून मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबवले. आपल्याकडे पत्रिका बघायला आठवडे देतात.

बहिणीने आईचं ऐकलं नाही. चिपळूणचं स्थळ आलं तेव्हा तिने बघण्याच्या कार्यक्रमातच मुलाला सांगितलं की मी थॅलेसेमिया मायनर आहे, तुम्ही एचबीए-२ करून घ्या, मग पुढचं बोलू. मुलाच्या आईने विचारलं, 'तुला काही आजार आहे का?' तिने नाही म्हणून सांगितलं आणि सगळं समजावलं, अगदी हिवतापापासून. मुलाचा रिपोर्ट २.६ आला. साखरपुडा झाला.

आता राहिलीत मामाकडची मंडळी. आईकडे आहे म्हणजे मामा-मावश्यांपैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता मोठी. त्यातली बरीच मुंबईला, फोनवर हो-हो म्हणतात आणि राहून जातं. शिमग्याला सगळे गावी येतात. पालखी घरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी लॅबमधल्या मुलाला मामाच्या घरी बोलावलंय, नळ्या घेऊन.